बिल्टीत अडकलेले चार रॅस

माझे चार रॅस, म्हणजे समुद्रातले रंगीत मासे, सकाळी सहाला सोलापुरात उतरले आणि माझ्या हातात पडले पावणेबाराला. वर्ष होत आलं, तरी हे सांगताना माझा आवाज चढतो.

टँकचं सगळं आधीच मार्गी लागलेलं होतं. चार फुटी, खाऱ्या पाण्याचा, क्लाउन मासे आणि थोडी कोरल असलेला. चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, पहिल्या दिवसापासून आहे. सोलापूरच्या उन्हात चिलर नसेल तर मरीन टँक मांडूच नका. दोन वर्षं नीट गेली म्हणून रॅस आणायचे ठरवले. मुंबईच्या एका विक्रेत्यानं चार फोटो पाठवले, मी पैसे पाठवले, त्यानं थर्मोकोलचा बॉक्स रात्रीच्या बसनं पाठवला. इथपर्यंत काही अडलं नाही.

अडलं ते पार्सल ऑफिसात. मी साडेसहाला पोहोचले तेव्हा बॉक्स आत गोदामात गेला होता, आणि बिल्टीवर, म्हणजे पार्सलच्या पावतीवर, विक्रेत्यानं माझं माहेरचं आडनाव घातलं होतं. फेसबुकवर मी तेच लावते, त्याला दुसरं माहीतच नव्हतं. आधारवर सासरचं नाव.

"मॅडम, नाव जुळत नाही."

"मोबाईल नंबर माझाच आहे की ओ, आत्ता रिंग करा."

"तसं नाही चालत. पाठवणाऱ्याकडून नाव बदलल्याचं लिहून आणा, नाहीतर साहेब आल्यावर बघू."

साहेब अकराला येणार होते. विक्रेता रात्रभर पॅकिंग करून झोपलेला, फोन उचलेना. मी पस्तीस-चाळीस वेळा तरी लावला असेल. बॉक्स माझ्यापासून दहा पावलांवर, पत्र्याच्या शेडखाली, चादरींच्या गठ्ठ्यांना टेकून ठेवलेला. वर मोठ्या अक्षरात 'जिवंत मासे' लिहिलेलं. नऊनंतर पत्रा तापायला लागला. निदान सावलीत भिंतीकडे तरी सरकवा म्हटलं, तर "हात लावता येत नाही, रजिस्टरला चढलाय." शेवटी एका हमालमामांनी कुणाला न विचारता तो उचलला आणि आत फरशीवर ठेवला. ठेवताना कान लावला आणि मला म्हणाले, "ताई, आतनं हलतंय. जित्ते हायत." त्या एका वाक्यावर मी पुढचे दोन तास काढले.

साहेब आले अकरा चाळीसला. आधार बघितलं, मोबाईलची रिंग ऐकली, सही घेतली. दोन मिनिटांचं काम! हेच सकाळी साडेसहाला का झालं नसतं, याचं उत्तर मला आजही कुणी दिलेलं नाही.

अशा रखडलेल्या पिशव्यांच्या बाबतीत एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, कारण बहुतेक जण इथेच मासे घालवतात. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. अमोनियाही साठलेला असतो, पण पीएच कमी असेपर्यंत तो तितकासा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. म्हणून उघडलेल्या पिशवीत तासभर टँकचं पाणी थेंब थेंब सोडत बसू नका. विक्रेत्याच्या पाण्याची डेन्सिटी (पाणी किती खारट आहे त्याचं माप) मी आदल्या दिवशीच विचारून घेतली होती, १.०२१. क्वारंटाइनचा, म्हणजे नवे मासे आधी वेगळे ठेवायचा टँक तेवढ्यावरच आणून ठेवला होता. बंद पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगवल्या, तापमान जुळलं की उघडल्या, आणि मासे लगेच आत. पिशवीचं पाणी टाकून दिलं. चारही जगले. मग सावकाश, काही दिवसांत १.०२५ पर्यंत नेलं.

पिशव्यांवर नुसतं 'रॅस' लिहिलेलं. रंगावर जाऊ नका. या माशांत मादीचा नर होतो आणि रंग पार बदलतो. पिल्लाचे रंग तर आणखी वेगळे. मी डोळा बघते. फेअरी, फ्लॅशर आणि सिक्सलाइन या प्रकारच्या रॅसच्या डोळ्यात बुबुळ दुहेरी असल्यासारखं दिसतं. लाल-नारिंगी मासा त्यावरून फेअरी ठरला; मादी आहे, पण जात कुठली ते सांगता येत नाही, कारण फेअरीच्या माद्या एकमेकींसारख्याच दिसतात. जांभळट अंगावर सहा नारिंगी रेघा, तो सिक्सलाइन. हळदीसारखा पिवळाधमक आणि पाठीच्या परावर काळे ठिपके, तो हॅलिकोएरिस क्रायसस.

चौथा मेलानुरस (हॅलिकोएरिसचाच एक प्रकार) म्हणून विकलेला. पाठीच्या परावर ठिपका होता, म्हणून मीही आधी मानलं. पण मेलानुरसच्या अंगावर लांबीनं जाणारे पट्टे असतात, याचं अंग साधं हिरवट आणि शेपटीच्या मुळाशी मोठा काळपट डाग. मून रॅसचं पिल्लू! आपल्याकडच्या समुद्रातलाच मासा, देखणा, पण वीत ओलांडून वाढतो आणि झिंगे गट्टम करतो. मोठा टँक असलेल्या एका ओळखीच्यांना दिला.

पिवळा पहिल्याच दिवशी वाळूत शिरला आणि चार दिवस दिसला नाही. हॅलिकोएरिस झोपतात वाळूतच, घाबरले तरी तिथेच जातात. उकरून बघायचा मोह मला रोज झाला. उकरू नका. क्वारंटाइनला वाळू नसते, म्हणून मी एका प्लास्टिकच्या डब्यात दोन-तीन इंच बारीक वाळू घालून ठेवली होती. पाचव्या सकाळी डब्याच्या कडेला दोन डोळे तेवढे वर आले, मग तोंड, आणि मग तो अंग झटकून सरळ मायसिसवर, म्हणजे खायला टाकलेल्या बारीक झिंग्यांवर आला. मी स्वयंपाकघरातून ओरडले होते!

मोठ्या टँकमध्ये सोडताना क्रम महत्त्वाचा. आधी फेअरी, मग पिवळा, आणि सिक्सलाइन सगळ्यात शेवटी, तीन आठवड्यांनी. तो आधी गेला तर सगळा टँक आपला समजतो आणि नंतर येणाऱ्याला जगू देत नाही. तरी पहिल्या दिवशी तो फेअरीवर धावलाच. काचेला बाहेरून आरसा टेकवून ठेवला, दोन दिवस तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडला आणि निवळला. आता तिघं एकत्र खातात.

जाळी राहिलीच सांगायची. रॅस उडी मारतात. वर बारीक जाळी हवीच, आणि पाइपसाठी सोडलेली फटसुद्धा बुजवा. रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर टॉर्च मारला तर फेअरी दगडाच्या कपारीत स्वतःभोवती चिकट, पारदर्शक पिशवी विणून झोपलेली दिसते. घरी आलेल्या प्रत्येकाला मी ती दाखवते.

आता पैसे पाठवायच्या आधी मी विक्रेत्याला आधारवरचं नाव जसंच्या तसं टाइप करून पाठवते, आणि बिल्टी भरली की लगेच फोटो मागवते. एक अक्षर जरी चुकलं असेल तर गाडी सुटायच्या आत ते बदलून घ्यायला लावते.