कर भरला म्हंजे कायदेशीर झालं नव्हं?

मी कोल्हापुरात शाहूपुरीत इन्कम टॅक्सची कामं करतो. २०२५ मध्ये रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली त्यामुळे ऑगस्टभर गर्दी, आणि नेमकं २१ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे ऑनलाईन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारं बिल राज्यसभेत पास झालं त्याच दिवशी, कागलकडचे एक काका पोराला घेऊन आले. पोरगा इंजिनिअर, नोकरी सोडून घरी बसून ऑनलाईन पोकर, म्हणजे पैसे लावून पत्ते, खेळायचा. काकांना घर बांधायला लोन हवं होतं, बँकेनं पोराचं रिटर्न मागितलं. काकांना तोवर वाटत होतं की पोरगं कॉम्प्युटरवर कंपनीचंच काम करतंय. मी २६एएस (नावावर आधीच कापलेल्या कराची, म्हणजे टीडीएसची, सरकारी नोंद) उघडलं आणि त्यांच्यासमोरच सगळं निघालं, कारण प्रत्येक टीडीएसच्या ओळीवर १९४बीए, म्हणजे ऑनलाईन गेमच्या कमाईवर टीडीएस कापायचं कलम, होतं आणि ते काय असतं हे मला सांगावंच लागलं.

लोकांना वाटतं जिंकलं त्याचे ३० टक्के दिले की झालं. तसं नसतं. वर्षभरात ॲपमधून काढलेले पैसे घ्यायचे, ३१ मार्चला वॉलेटमध्ये उरलेले त्यात मिळवायचे, मग खिशातून भरलेले आणि १ एप्रिलला आधीच पडून असलेले वजा करायचे, उरेल ते नेट विनिंग. म्हणजे वॉलेटला हात लावला नाही तरी मार्चअखेर कर कापला जायचा. पोरगा फक्त बँकेत आलेली रक्कम धरून बसला होता. त्यात ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशावरच २८ टक्के जीएसटी होता, म्हणजे १०० टाकले की जवळपास २२ जीएसटीत आणि ७८ खेळायला, आणि तो गेलेला जीएसटी बऱ्याच ॲप्सनी बोनस म्हणून परत दिला, आता तो बोनस खिशातल्या पैशात धरायचा नसतो, पण ॲपच्या लेजरमध्ये (जमाखर्चाच्या नोंदीत) दोन्ही एकाखाली एक दिसतात. मी ओळ न् ओळ बँक स्टेटमेंटशी लावून बघितली तेव्हा कुठे आकडा २६एएसशी जुळला. दुसऱ्या ॲपवर हरलेलं पहिलं ॲप टीडीएस कापताना बघायचं नाही, आणि तोटा पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

आदल्या वर्षीचं रिटर्न आमच्याच लाईनीतल्या एकानं भरलं होतं. खेळाला धंदा दाखवून ४४एडीमध्ये (छोट्या धंद्यांना अंदाजे नफा धरू देणारं कलम) सहा टक्के नफा धरला आणि कापलेला टीडीएस रिफंड मागितला. हे लोक फी घेऊन मोकळे होतात, नोटीस पोराच्या नावावर येते. ११५बीबीजे, म्हणजे ऑनलाईन गेमच्या कमाईवरच्या कराचं कलम, सरळ ३० टक्के सांगत होतं, वर सेस, खर्चाची वजावट नाही, कौशल्य की नशीब हेही विचारत नव्हतं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, एवढा कर भरला म्हंजे कायदेशीर झालं नव्हं? आमचं पोरगं जुगारी न्हाई म्हणून लिवून द्या की बँकेला." मी सांगितलं, काका, कर भरणं म्हणजे लायसन नव्हे, बेकायदेशीर कमाईवरही कर लागतो. पण त्यांचा प्रश्न अजिबात चुकीचा नव्हता. रमी कौशल्याचा खेळ, म्हणजे जुगार नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये म्हटलंय. पोकरला नागालँडनं २०१६ च्या कायद्यात लायसनची सोय केली, गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये त्यालाच जुगार म्हटलं. आपल्याकडे महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट, पण पोकर कशात बसतो हे कोणी स्पष्ट केलं नाही. मग काकांनी तेव्हाचे कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळताना दिसले म्हणून गाजलेल्या व्हिडिओचा विषय काढला. माणिकराव कोकाटेंनी आपण खेळत नव्हतो असं सांगितलं होतं, तरी कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. "मंत्र्याला खातं तरी मिळालं, माज्या पोराला बँक दारात उभं करना," असं म्हणाले, चिडून नाही, दमून. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२२ तारखेला त्या बिलावर राष्ट्रपतींची सही झाली. पैशाचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कौशल्य-नशीब वादच संपवला. कर्जात बुडालेली पोरं मी याच टेबलावर बघितलीत, त्यामुळे काहीच करू नका असं मी म्हणणार नाही. पण दोन वर्षं करासाठी इतका बारीक हिशोब लिहिणाऱ्या सरकारला महिन्याला किती पैसे टाकता येतील याची मर्यादा घालता आली नसती का? लॉटरी तर राज्य सरकार स्वतः विकतं. लायसन द्या, मर्यादा घाला, नोंद ठेवा, हे माझं मत. सप्टेंबरात या कायद्याविरुद्धच्या याचिका सुप्रीम कोर्टानं स्वतःकडे घेतल्या.

रिटर्न भरलं, लोनची फाईल मात्र परत आली, कमाईचा स्रोतच बंद झाला म्हणून. पोराला एप्रिल ते ऑगस्टचाही कर लागेल हे समजावलं. नंतर त्याचा फोन आला, "सर, परदेशी साईटवर व्हीपीएन लावून क्रिप्टोनं खेळलं तर २६एएसमध्ये येतं का?" मी म्हटलं, सहसा येत नाही, आणि म्हणूनच करू नकोस, पैसे अडकले तर तक्रार कुठंच करता येणार नाही आणि तुझ्या वडिलांना या वेळी कळणार पण नाही. तो बरं म्हणाला, पण ऐकलं का नाही हे मला अजून माहीत नाही.