प्लांकचा स्थिरांक काढताना ट्यूबलाइट बंद का करायची

फोटोसेल (प्रकाश पडला की कॅथोड या पत्र्यातून इलेक्ट्रॉन सुटून समोरच्या ॲनोडकडे जातात अशी नळी) वापरून प्लांकचा स्थिरांक, म्हणजे प्रकाशाची वारंवारिता आणि ऊर्जा यांना जोडणारा आकडा, काढायचा प्रयोग वाचायला सरळ आहे. मर्क्युरी (पाऱ्याच्या) दिव्याची एकेक रेषा, म्हणजे एकेका ठरावीक तरंगलांबीचा उजेड, कॅथोडवर पाडायची, ॲनोडचं व्होल्टेज हळूहळू ऋण करत न्यायचं आणि प्रवाह थांबला की आकडा लिहायचा. हे स्टॉपिंग पोटेन्शियल. ते वारंवारितेसमोर मांडलं की सरळ रेषा मिळते आणि तिचा चढ ४.१४ × १०⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद यायला हवा. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणलं की स्थिरांक हातात. प्रत्यक्षात चढ बहुतेक वेळा कमीच भरतो, आणि का भरतो ते समजणं हाच या प्रयोगाचा खरा गाभा आहे.

पहिला संशय ट्यूबलाइटवर घ्या. साध्या फ्लोरोसेंट नळीत पाराच असतो, त्यामुळे तिच्या उजेडात ४३५.८ नॅनोमीटरची निळी रेषा असते. तुम्ही ५४६.१ ची हिरवी रेषा मोजताय. हिरव्या फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा २.२७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, निळ्याची २.८४. सेलवर झाकलेल्या कापडाच्या फटीतून निळा उजेड शिरला की हिरवे इलेक्ट्रॉन थांबल्यावरही निळ्यांनी सुटलेले इलेक्ट्रॉन पोचतच राहतात आणि स्टॉपिंग पोटेन्शियल ०.५७ व्होल्टपर्यंत फुगू शकतं. दिव्याच्या ३६५ आणि ५४६ नॅनोमीटर या टोकाच्या रेषांच्या स्टॉपिंग पोटेन्शियलमधला खरा फरक १.१३ व्होल्टच आहे. म्हणजे चढ पार निम्म्यावर येऊ शकतो.

इथे जरा थांबावं असं मला वाटतं. प्रकाश नुसती लाट असता, तर एवढ्याशा निळ्या उजेडाने एवढासाच फरक पडला असता. पण एक फोटॉन एकाच इलेक्ट्रॉनला आपली सगळी ऊर्जा देतो, तिथे सरासरी नसते. भौतिकशास्त्रज्ञ लेनार्ड यांना १९०२ मध्ये दिसलं होतं की उजेड वाढवला तर इलेक्ट्रॉन वाढतात, त्यांची कमाल ऊर्जा वाढत नाही. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये त्याचा अर्थ लावला. रंगीत काचेच्या फिल्टरची गोष्टही तीच: त्यावर छापलेली तरंगलांबी मधली असते, स्टॉपिंग पोटेन्शियल मात्र फिल्टरमधून सुटणारी सगळ्यात आखूड तरंगलांबी ठरवते. म्हणून साध्या बल्बपेक्षा मर्क्युरी दिवा बरा. तो दहा मिनिटं तापू द्या. मध्येच विझवू नका, गरम असताना तो लगेच पेटत नाही. ३६५ ची रेषा अतिनील आहे, दिव्याकडे थेट पाहू नका.

दुसरा चोर ॲनोड. कॅथोडचा थोडा पदार्थ उडून त्यावर बसतो, मग परावर्तित उजेडाने तोही इलेक्ट्रॉन सोडतो आणि उलटा प्रवाह वाहतो. मीटरवर शून्य दिसतं तेव्हा दोन्ही प्रवाह फक्त समसमान झालेले असतात. ओळखायला सोपं आहे: आधी खिडकी झाकून अंधारातला प्रवाह नोंदवा. मग व्होल्टेज बरंच ऋण करा. प्रवाह त्याच्याही खाली जाऊन ऋण बाजूला स्थिरावला तर ॲनोड बोलतोय. अशा वेळी शून्य धरू नका. ती सपाट रेषा पुढे वाढवा आणि आलेख तिच्यापासून जिथे सुटतो तो बिंदू घ्या. काही सेलमध्ये ॲनोड प्लॅटिनमच्या तारेचं कडं असतं. त्यातून प्रवाह सोडून ते तापवलं की बसलेला थर उडतो. किती प्रवाह, किती वेळ, हे सेलच्या माहितीपत्रकात पाहूनच.

चढ असा सांभाळला की तो भरवशाचा. भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांना प्रकाशकणांची कल्पना पटत नव्हती, तरी निर्वातात सोडियमचा पृष्ठभाग पात्याने खरवडून ताजा करत त्यांनी १९१६ मध्ये ६.५७ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद हा आकडा काढला. आजचा आकडा ६.६२६.

आंतरछेदाचं, म्हणजे ती सरळ रेषा व्होल्टेजच्या अक्षाला जिथे छेदते त्या आकड्याचं, तसं नाही. प्रयोगवहीत त्यावरून 'कॅथोडचं वर्क फंक्शन' (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. दोन वेगळे धातू तारेने जोडले की त्यांच्यात संपर्क विभव (जोडल्यामुळेच येणारा व्होल्टेजचा फरक) तयार होतं आणि समीकरणातून कॅथोडचं वर्क फंक्शन कटून जातं. उरतं ते ॲनोडचं.