सागवानाच्या कामाले पिन गन घ्यायची असंन तर

इकडं चंद्रपूर जिल्ह्यात मूल-सिंदेवाही पट्ट्यात सागवानाचंच काम जास्त, चौकटी, पलंग अन् आजकाल देव्हारे लय निघून राहिले, त्यामुळं नवीन पोरं सारखे विचारतात का भाऊ पिन गन, म्हणजे हवेच्या दाबानं बारीक खिळे-पिना ठोकायची बंदूक, कोणती घेऊ. दुकानदाराले विचारलं तर तो सरळ एफ-३० काढून समोर ठेवते. ती गन वाईट नाही ना बाप्पा, पण ती १८ गेजची (गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा खिळा बारीक), खिळा सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड अन् वर बारीक डोकं, म्हणजे छिद्रात पुट्टी भरणं आलंच, अन् सागवानावर पॉलिश मारलं का ती पुट्टी दुरूनच दिसते. प्लायचं कपाट, मागचा पाट, ड्रॉवरचा तळ याच्यासाठी घ्या खुशाल.

देव्हाऱ्याची नक्षी, कळसाची बारीक पट्टी, काचेची बीडिंग (काच धरणारी बारीक पट्टी) असं काम असंन तर २३ गेज. पिन जेमतेम ०.६ मिलिमीटर, डोकंच नाही, बारीक पट्टी फाटत नाही अन् छिद्र शोधूनही लवकर सापडत नाही. पण पिन लाकूड धरून ठेवत नाही, धरते तो फेविकॉल, पिन फक्त तो वाळेपर्यंत पट्टी हलू देत नाही एवढंच तिचं काम, म्हणून नुसत्या पिनांवर पट्टी ठोकून गिऱ्हाईकाले देऊ नका. सागवान तेलकट असते, गोंद लावायच्या आधी थिनरचा फडका फिरवून घ्या.

गन हातात घेतली का पिन संपल्यावर ती बंद पडते का ते पहा. स्वस्तातल्या गनी रिकाम्याच चालत राहतात अन् पिनेले ठोकणाऱ्या ब्लेडचा ठसा पॉलिशच्या पट्टीवर उमटते, मंग घासत बसा. गनीच्या नाकाले, म्हणजे जिथून पिन निघते तिथं, रबरी टोपी पाहिजे. लांबी ३० मिमीपर्यंतची पुरते, ५० ची गन महाग पडते अन् आपल्या कामात तेवढी पिन लागत नाही. लांब पिन सागवानाच्या रेषेसोबत वळून बाजूनं बाहेर निघते, म्हणून पट्टी धरलेलं बोट पिनेच्या लांबीपेक्षा दूर ठेवा अन् चष्मा घाला, हे मी पोरांईले रोजच सांगतो. पिन अडकली तर आधी पाइप काढा, मंगच नाकाले हात लावा.

हवेचा दाब ६०-७० पीएसआयपासून सुरू करा, पिन वर राहिली तर थोडी थोडी वाढवा. या गनीले हवा फारच कमी लागते, त्यामुळं छोटा १ एचपीचा कॉम्प्रेसरही चालते, अन् लाइट गेली तरी टाकीत भरलेल्या हवेवर बरंच काम उरकते. पावसाळ्यात टाकीत पाणी साचते, संध्याकाळी खालचा कॉक उघडून काढत जा. गनीत तेलाचे दोन थेंब सकाळी टाकले का आधी रद्दी लाकडावर मारून घ्या, नाहीतर तेलाचा डाग पॉलिश धरू देत नाही. बाहेरून मागवलेली अमेरिकन गन असंन तर तिचा आटा एनपीटी म्हणजे अमेरिकन मापाचा असते, आपल्याकडचे नोझल बहुतेक बीएसपी या दुसऱ्या मापाचे, दोन फेरे बसते अन् मंग हवा सुटत राहते.

नागपूरले इतवारीत लोहा ओळीत गेले तर गनीसोबतच ओरिंगचा (हवा अडवणाऱ्या रबरी रिंगांचा) किट अन् ड्रायव्हर ब्लेड मागा. सुटे भाग मिळत नाही म्हटलं तर ती गन तिथंच ठेवून पुढच्या दुकानात जा.