डबा घरचा, परवानगी हेड ऑफिसची

सव्वादोन वर्षांच्या मुलीला मधल्या वेळी काय खायला द्यायचं, हा प्रश्न मी एका रविवारी जांभळी नाक्याच्या बाजारात फिरून सोडवला. तेच खाणं तिच्या पाळणाघराच्या गळी उतरवायला मात्र अख्खा पावसाळा गेला. त्यामुळे हा अनुभव रेसिपींचा कमी आणि फॉर्मचा जास्त आहे. ज्यांना फक्त रेसिपी हव्यात त्यांनी शेवटाकडे जावं, मी रागावणार नाही.

लेकीला ताट वाढून बसवलं की दोन घास खाते आणि उठते. येता-जाता मात्र तोंड चालू. ‘दिवसभर चरत असते,’ असं माझी आई म्हणते, आणि त्यात कौतुक किती नि तक्रार किती ते आजवर मला कळलेलं नाही. डॉक्टरांना यात काळजीचं काहीच दिसलं नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं, पुढे वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं, मग भूकही त्याच मानाने उतरते. पोट लहान, म्हणून तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा थोडं थोडं खाणं हे या वयाचं रीतसर वेळापत्रकच झालं. त्यांची अट एकच होती : चरू दे, पण वेळ बांधून. दोन-अडीच तासांनी खायला द्या, मध्ये फक्त पाणी. सतत काहीतरी चघळत राहिलं की दातांना उसंत मिळत नाही आणि जेवायच्या वेळी पोरगी जेवत नाही. दूध दिवसाला अर्धा लिटरच्या वर नको, कारण पोट दुधानेच भरलं तर बाकीचं अन्न जात नाही आणि अंगात लोह कमी पडतं.

घरी हे चार-आठ दिवसांत बसलं. आईने बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला (तिच्या स्वतःच्या चहासाठी तो लागतोच), आणि विषय संपला.

आता पाळणाघर. घोडबंदर रोडवर आहे, आमच्या कासारवडवलीच्या घरापासून चालत जाता येतं, नाव सांगत नाही. बायकोचं ऑफिस बीकेसीला, माझं ऐरोलीला. घोडबंदरचं ट्रॅफिक ज्याने भोगलंय त्याला ‘चालत जाता येतं’ याची किंमत सांगायला नको. बदलायचा पर्याय आमच्यापाशी नव्हता आणि हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं. मुलांकडे लक्ष उत्तम, मावशी प्रेमळ, जागा स्वच्छ. पण भिंतीवर रंगीत मेन्यू होता : एक दिवस क्रीमची बिस्किटं, एक दिवस खोक्यातला ज्यूस आणि कपकेक, एक दिवस जॅम-ब्रेड, आणि शुक्रवारी ‘फन फ्रायडे’, म्हणजे पॉपकॉर्न. संध्याकाळी ॲपवर फोटो यायचा, क्रीमने माखलेलं हसरं तोंड आणि खाली ‘स्नॅक फिनिश्ड’. रात्री तीच मुलगी वरण-भाताकडे बघायचीसुद्धा नाही.

प्रवेशाच्या वेळी खाण्याचा एक फॉर्म भरून घेतात. त्यात तीन रकाने : व्हेज, जैन की नॉनव्हेज, ॲलर्जी, इतर. मी ‘इतर’मध्ये लिहिलं, ‘मधल्या वेळचा डबा घरून येईल.’ काउंटरवरच्या ताईंनी तो फॉर्म वाचून मला परत दिला.

‘‘सर, मॅडमना विचारलंय ना?’’

‘‘कुठल्या मॅडमना?’’

‘‘मिसेसना. डब्याचं त्याच बघत असतील ना.’’

डब्याचं मी बघतो, हे त्यांना पटायला थोडा वेळ गेला. मग खरी अडचण कळली. ‘इतर’मध्ये लिहायला मेडिकल कारण लागतं. ॲलर्जी असेल तर डबा चालतो, नसेल तर सगळ्या मुलांनी एकच खायचं, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही. यातली दुसरी बाब मला थोडी पटलीसुद्धा. पण माझ्या मुलीला कसलीच ॲलर्जी नाही, आणि निरोगी मुलीला साखर नको असेल तर त्यासाठी फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

‘‘डॉक्टरांचं लेटर आणा,’’ ताई म्हणाल्या.

जुलैतला शनिवार. बालरोगतज्ज्ञांकडे संध्याकाळी नंबर लावायचा म्हणजे काय, हे ठाण्यातल्या आई-बापांना माहीत आहे. बाहेर धो-धो पाऊस, आत निम्मी मुलं तापाने फणफणलेली, निम्मी नाक गळणारी, आणि मी एकटा ठणठणीत मुलीला घेऊन बसलेलो, बिस्किटांविरुद्ध पत्र मागायला. कंपाउंडरने विचारलं, ‘‘काय होतंय हिला?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही.’’ त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. डॉक्टर हसले. ‘‘आजाराचं सर्टिफिकेट देतो, फिटनेसचं देतो, बिस्कीट नको याचं आजवर कुणी मागितलं नव्हतं.’’ तरी दिलं त्यांनी. वयाला साजेसा, घरी शिजवलेला, वरून साखर न घातलेला खाऊ द्यावा, असं दोन ओळींत.

सोमवारी ते पत्र पाळणाघरात दिलं. दोन दिवसांनी निरोप आला : पत्र आमच्या फॉरमॅटमध्ये हवं. तो फॉरमॅट ॲपवर होता, आणि त्यात पुन्हा ‘ॲलर्जीचे नाव’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. सेंटर हेड मॅडमना भेटायला गेलो तर त्या ट्रेनिंगला. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, हा निर्णय माझ्या हातात नाही, हेड ऑफिसला मेल करा. मेल केला. उत्तर लगेच आलं, मशीनचं : आपली विनंती प्रक्रियेत आहे.

मी चिडलो की वाचत सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांच्या आहारावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. साखर, मीठ आणि ट्रान्स फॅट जास्त असलेलं खाणं देऊ नये, गोड पेयं देऊ नयेत, आणि फळांचा शंभर टक्के शुद्ध रससुद्धा मर्यादितच असावा, असं त्यात स्पष्ट आहे. तो दाखला जोडून दुसरा मेल टाकला. यावेळी माणसाचं उत्तर आलं. माणसाने लक्षात आणून दिलं होतं की आपली कन्या सत्तावीस महिन्यांची आहे, त्यामुळे सदर सूचना तिला लागू होत नाहीत. जणू चोविसाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलांना क्रीम बिस्कीट पचवायची शक्ती येते! हे उत्तर मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, जाऊ दे ना रे, एवढंसं बिस्कीट तर आहे. त्या रात्री आमचं थोडं वाजलं, ते इथे लिहीत नाही.

तिचंही खरं होतं म्हणा, एका बिस्किटाने काही होत नाही. पण तिथे रोजच काहीतरी होतं. पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे पहिली दोन-तीन नावं वाचली तरी पाकिटात मुख्यतः काय आहे ते कळतं. मैदा, साखर, पामतेल, बहुतेक वेळा याच क्रमाने. आणि साखरेचे ग्रॅम दिसले की चाराने भागा, तेवढे चमचे. सुपरमार्केटमध्ये उभं राहून हा हिशेब करायची मला सवयच लागली आहे, आणि माझ्याबरोबर खरेदीला यायला घरातलं कुणी आता तयार नसतं.

सुटका झाली ती वेगळ्याच दाराने. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी ॲपवर फोटो आला, पोरं गोल बसलीत आणि मध्ये पॉपकॉर्नची परात. साखरेवर वाद घालता येतो, पॉपकॉर्नवर नाही. ते हलकं असतं, त्याची टरफलं दाढा न आलेल्या मुलाला चावून बारीक करता येत नाहीत, आणि श्वासाबरोबर थेट श्वासनलिकेत जाऊ शकतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊच नका असं सांगते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे जाड तुकडे, गोळ्या हे सगळं त्याच यादीत. मी मेलमध्ये डब्याचा उल्लेखही केला नाही. दोनच प्रश्न विचारले. तुमच्याकडे चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात घास अडकू नये यासाठी लेखी नियम आहे का? आणि घास अडकल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण कुणाला दिलंय? बाकी पालकांनाही कॉपी ठेवली.

त्याच संध्याकाळी फोन. सेंटर हेड मॅडम स्वतः. पॉपकॉर्न पुढच्या आठवड्यापासून बंद होतंय, आणि ‘‘सर, तुमचा तो डब्याचा विषय होता ना, तो पण करून टाकू या.’’ एका हमीपत्रावर सही : डब्याची जबाबदारी पालकांची. झालं. जे दोन महिने कुणाच्याच हातात नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. मला आनंद झाला, आणि डोकंही फिरलं. तुम्हाला कुठे अशी अडचण आली तर सूट मागत बसू नका. सुरक्षेचा प्रश्न लेखी विचारा आणि चार पालकांना सोबत घ्या. नंतर कळलं की आणखी दोघीजणी माझ्यासारख्याच ‘प्रक्रियेत’ होत्या.

हमीपत्रासोबत अटी आल्या. शेंगदाणे-सुकामेवा नाही, कारण वर्गातल्या एकाला खरंच ॲलर्जी आहे; ही अट मी बिनतक्रार मानतो. अंडं नाही. गरम करून मिळणार नाही, फ्रिजमध्ये ठेवणार नाहीत. म्हणजे दही बाद, ओलं खोबरं बाद. ठाण्याच्या दमट हवेत ते दुपारपर्यंत टिकत नाही.

मग उरलं काय? पुष्कळ. आप्पे सगळ्यात कामाचे. इडलीच्या पिठात किसलेला दुधी किंवा गाजर, आणि प्रत्येक आप्प्याचे चार तुकडे. मुगाच्या धिरड्याच्या बोटभर लांब पट्ट्या. नाचणी आणि कुस्करलेल्या केळ्याचे बशीएवढे घावन, साखर-गुळाशिवाय. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे आईला सांगितल्यावर तिने ‘आम्हाला हे आधीच माहीत होतं’ असा चेहरा केला. उकडलेलं रताळं तुपाचं बोट लावून. कोथिंबीरवडी नुसती वाफवलेली, तळलेली नाही. छोले मऊ उकडून, सालं काढून, एकेक दाणा बोटाने चेपून. हे काम कंटाळवाणं आहे, पण सकाळी बातम्या ऐकत होतं. सोबत लिंबू पिळलं किंवा संत्र्याची साल-बिया काढलेली फोड दिली की कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. शेंगदाण्याच्या कुटाऐवजी डाळ्याचं कूट, लाडू करा नाहीतर भाजीत घाला. अंडं आणि दही घरी, संध्याकाळी. पनीरचे लांबट काप शाळेत जातात, पण सकाळी पहिल्या सुट्टीतच संपतील एवढेच.

द्राक्षं लांबीत चार भाग करून, आडवी नाही. चिकूची बी न विसरता काढायची. सफरचंद वाफवून, किंवा किसून घरी. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात भिजवून, त्याही घरीच.

प्रमाण थोडं ठेवा. मी आधी हौसेने तीन-चार प्रकार भरायचो, ती एकच खायची. आता दोन : एक तिला हमखास आवडणारा, एक नवा. नवा परत आला तरी मी काही बोलत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा ठेवतो. घावन तिने असेच बरेचदा परत पाठवले आणि एक दिवस खाऊन टाकले.

आणि डब्याचं झाकण. सुरुवातीला डबा रोज भरलेला परत यायचा, मला वाटलं हिला आवडत नाही. मग मावशींनी दारात सांगितलं, ‘‘दादा, ते चार क्लिपांचं झाकण तिला उघडत नाही, आणि माझ्याकडे आठ पोरं असतात एका वेळी.’’ साधा स्टीलचा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा डबा घ्या, त्यावर नाव कोरून घ्या, आणि पाठवण्याआधी तो पोरीकडून घरी चार वेळा उघडून घ्या.