मलाक्कातला चोंगकाक

मलेशियातल्या मलाक्का नदीलगतच्या एका जुन्या लाकडी घरात मी चार दिवस मुक्कामाला होते आणि चारही संध्याकाळी ओसरीवरच्या चोंगकाक या बैठ्या खेळाच्या पटापाशीच बसून राहिले. हा पट म्हणजे होडीच्या आकाराचे कोरीव लाकूड. दोन्ही बाजूंना सात-सात खळगे असतात, त्यांना मलय भाषेत ‘कांपुंग’ म्हणजे गाव म्हणतात. टोकाचे दोन मोठे खळगे म्हणजे दोन खेळाडूंची घरे. प्रत्येक गावात सात, अशा एकूण ९८ कवड्या लागतात. कवड्या नसल्या तर चिंचोके किंवा रबराच्या बियाही चालतात.

घरमालकीणबाईंना सगळे ‘मकचिक’ म्हणजे मावशी म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणू लागले. खेळायचे असे: आपल्या एका गावातल्या सगळ्या कवड्या उचलून त्या पुढच्या गावांत एकेक पेरत जायचे, स्वतःच्या घरात एक टाकायची आणि प्रतिस्पर्ध्याचे घर वगळायचे. शेवटची कवडी भरलेल्या गावात पडली, तर तिथल्या सगळ्या उचलून पेरणी चालूच राहते; आपल्याच रिकाम्या गावात पडली, तर समोरच्या गावातल्या साऱ्या कवड्या आपल्या होतात. मलय लोक याला ‘तेंबाक’ म्हणतात, म्हणजे गोळी झाडणे, आणि खरोखरच तो क्षण तसाच अचानक येतो. मावशी पटाकडे फारसे न पाहता मुठीतून एकेक कवडी अंगठ्याने पुढे सारत. कवडी लाकडावर पडल्याचा टक्‌ असा आवाज मला अजून आठवतो. मी बोट लावून मोजू लागले, की त्या माझा हात हलकेच बाजूला करत. ‘चोंगाक’ म्हणजे मनातल्या मनात केलेला हिशेब, आणि खेळाचे नाव त्यावरूनच पडले असे अनेक जण मानतात.

आपल्या गडांवर आणि लेण्यांत कातळात कोरलेल्या खळग्यांच्या अशाच दोन ओळी मी पूर्वी पाहिल्या होत्या. तमिळ घरांतली पल्लांगुळीही याच जातीची. तरीही त्या खळग्यांत इतकी चुरस दडलेली असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

शेवटच्या संध्याकाळी पहिल्या फेरीअखेर माझ्याकडे ३६ कवड्या उरल्या, मावशींकडे ६२. नव्या फेरीत आपल्याच कवड्यांनी आपली गावे भरायची असतात. माझी पाच भरली, एक कवडी घरात गेली आणि दोन गावे ‘जळाली’, म्हणजे रिकामी राहून खेळातून बाद झाली. त्या दोन खळग्यांवरून हात पुढे नेताना मावशी प्रत्येक वेळी क्षणभर थांबत होत्या.