मधमेश्वरचा बंधारा आणि आमचे सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी लिहावे असे निमंत्रण आले, तेव्हा प्रार्थना, स्नेहसंमेलन, प्रयोगशाळा असे बरेच काही मनात होते. परंतु लिहायला बसलो आणि विज्ञानाच्या सरांखेरीज दुसरे काही सुचेना.

माघाच्या अखेरीस थंडी ओसरून पळस फुलू लागला की सर नववीच्या वर्गाला भल्या पहाटे नांदूर मधमेश्वरला नेत. अभयारण्य १९८६ मध्येच जाहीर झाले असले, तरी गोदावरी-कादवेच्या संगमावरील त्या बंधाऱ्यावर आमचे वाटाडे सरच असत आणि त्यांची एकुलती एक दुर्बीण हजेरीच्या क्रमाने फिरे. हळदकुंकू बदक इथलेच, ते उन्हाळ्यातही राहील. चक्रवाक मात्र लडाख-तिबेटकडे निघायचा म्हणून भरपेट खाऊन वाटेची शिदोरी चरबीच्या रूपाने अंगावर बांधून घेतो आहे, असे ते सांगत. पक्षी समोर असताना वहीत डोके घातलेले त्यांना खपत नसे.

आमच्या वर्षी भोरड्यांचा थवा पळसावरून शेजारच्या ज्वारीत उतरला आणि माळ्यावरच्या शेतकरीदादांनी गोफण उचलली. भोरडी टोळ खाते, म्हणजे ती शेतकऱ्याची मित्रच, हे पुस्तकी ज्ञान आमच्यातल्या एकाने त्यांना ऐकवले. "टोळ कुठंय? दाणे तं माझे चालले," दादा म्हणाले. सरांनी वाद घातला नाही. दादांना न्याहारीला पाठवून तासभर आम्हालाच राखणीला उभे केले. हाकारे घालून घसे बसले, पण एकेका कणसासाठी भांडणाऱ्या गुलाबी-काळ्या भोरड्या इतक्या जवळून पुन्हा पाहायला मिळाल्या नाहीत.

आज द्राक्षबागांचा सल्लागार म्हणून माझे थोडेफार नाव आहे. बागायतदाराचे पुरते ऐकल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, हे श्रेय सरांचे. जानेवारी २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मधमेश्वरचे नाव जाहीर झाले, तेव्हा ही बातमी प्रथम ज्यांना सांगावी ते सर हयात नव्हते. त्या ज्वारीच्या जागी आता द्राक्षे आहेत (सल्ला माझाच असतो), आणि शाळेची सहल वॉटर पार्कला जाते, याचे वाईट वाटते. पुढच्या माघात नववीचा वर्ग बंधाऱ्यावर नेण्याचे शाळेने मनावर घेतले, तर बसचा खर्च आणि पुरेशा दुर्बिणी यांची जबाबदारी मी घेतो.