उतारावर लावलेली गाडी

2023 सालचा ऑगस्ट नुकताच लागला होता आणि अधिक श्रावण चालू होता. सकाळी सातच्या सुमारास, रत्नागिरी जिल्ह्यातील लांज्यातले माझे गॅरेज उघडण्यापूर्वीच, गुरुजींचा फोन आला. "अरे, गाडी आपोआप खाली गेली. गडग्याला अडली म्हणून थांबली," एवढेच ते बोलले आणि थोडा वेळ गप्प राहिले. गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवले आहे. त्यांचा आवाज कापताना मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. पुढे त्यांनी सांगितले की त्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडूनच मुलांची शाळेची पायवाट जाते आणि अजून अर्धा तास गेला असता तर त्या वाटेवर मुले असती.

मी हत्यारांची पिशवी आणि गॅरेजमधली एक चांगली बॅटरी घेऊन त्यांच्या वाडीवर गेलो. गाडी 1998 सालची मारुती 800, कार्ब्युरेटरची, गुरुजींनी नवी घेतलेली आणि पंचवीस वर्षे जिवापाड सांभाळलेली. घरापासून खालच्या रस्त्याकडे जाणाऱ्या उतारावर ती उभी असायची, तिथून साधारण पंधरा पावले खाली येऊन तिने गडग्याचे तीन चिरे पाडले होते. पुढचा बंपर एका बाजूने आत गेला होता, बाकी नुकसान नव्हते. हँडब्रेकचा दांडा पूर्ण वर ओढलेला होता. मी तो खाली सोडून पुन्हा ओढला, तेव्हा दहा-अकरा खटके वाजले तरी हाताला जोर लागला नाही. किल्ली फिरवली, तर सेल्फचा एक 'टक्' असा आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले.

गुरुजींनी दोन तक्रारी सांगितल्या आणि त्या दोन वेगळ्या आहेत असेच ते धरून चालले होते. पहिली तक्रार बॅटरीची होती: गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. आठ महिन्यांपूर्वी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी नवी बॅटरी घातली होती, पण तीही तशीच उतरू लागली. दुसरी तक्रार हँडब्रेकची. तो ढिला झाला म्हणून वर्षभरात दोनदा एका मेकॅनिककडून नट आवळून घेतला होता. मी विचारले, "गुरुजी, गाडी खळ्यात सपाटीवर का लावत नाही?" ते म्हणाले, "सपाटीवर लावली तर सकाळी धक्का मारायला माणसे कुठून आणू? म्हणून तोंड उताराकडे करून ठेवतो. हँडब्रेक सोडला की गाडी धावते, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला की चालू होते."

त्या उत्तराने निम्मे कोडे सुटले. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनच्या गतीवरच चालतो, त्यामुळे बॅटरीत ठिणगीपुरता जीव असला तरी अशी गाडी उतारावर चालू होते. मात्र त्यासाठी गेले वर्षभर ही गाडी रोज रात्री केवळ हँडब्रेकच्या भरवशावर उतारावर उभी राहत होती, आणि तीही न्यूट्रलमध्ये. गिअरमध्ये का ठेवत नाही, हेही मी विचारले. एकदा मुलाने गाडी गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली आणि गाडीने उडी मारली, तेव्हापासून गुरुजींनी ती सवय सोडली होती. पुढच्या चाकाला ते जांभ्याचा एक चिरा लावत असत, पण त्या रात्रीच्या पावसात खालची माती भुसभुशीत झाली आणि चिरा सरकला. त्यातच गाडीचे तोंड खाली असले की तिचे वजन पुढच्या चाकांवर जाते, मागची चाके हलकी होतात, आणि हँडब्रेक तर मागच्याच चाकांना लागतो.

गॅरेजची बॅटरी जोडून मी गाडी चालू केली आणि सावकाश लांज्याला आणली. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, त्याचा हँडब्रेकच्या तारेशी संबंध नसतो आणि तो उत्तम होता, म्हणूनच हे धाडस केले. गुरुजी शेजारी बसले होते. येत्या हिवाळ्याच्या आत गाडीचे नोंदणी-नूतनीकरण करायचे होते, त्याआधी गणपती होते, आणि मुलगा-सून मुंबईहून येणार होते. एवढ्यात गाडी मोडीत काढावी लागेल का, असे त्यांनी वाटेत दोनदा विचारले.

गॅरेजमध्ये आल्यावर मी आधी बॅटरी हातात घेतली. त्यांच्या बॅटरीवर व्होल्टेज 11.4 भरले. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, आणि 12 च्या खाली वारंवार जाऊ लागली की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचून ती कायमची दुबळी होते. ती मी हळू चार्जिंगला लावली. इंजिन चालू असताना आल्टरनेटर 14.1 व्होल्ट देत होता, म्हणजे भरणारा बरोबर होता. मग इंजिन बंद केले, दारे लावली, निगेटिव्ह टर्मिनल सोडवले आणि टर्मिनल व केबल यांच्या मध्ये मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत जोडला. एवढ्या जुन्या गाडीत सगळे बंद असताना पडद्यावर जवळजवळ शून्य दिसायला हवे. टेपमधल्या घड्याळासारखी एखादी वस्तू असली तरी 0.02 किंवा 0.03 च्या वर आकडा जाऊ नये. तिथे 0.58 अँपिअर दिसत होते.

गुरुजी शेजारी उभे राहून तो आकडा बघत होते. मी एका जुन्या बिलाच्या पाठीवर भागाकार मांडला. बॅटरी 35 अँपिअर-तासांची, गळती 0.58 ची. गुरुजींनी माझ्या हातून पेन्सिल घेतली, दशांश चिन्ह स्वतः सरकवले आणि उत्तर लिहिले: साठ तास. "म्हणजे अडीच दिवस," ते म्हणाले. सेल्फला लागणारा जोर तर बॅटरी निम्मी झाली तरी पुरेनासा होतो, त्यामुळे सव्वा-दीड दिवसातच रडकथा सुरू व्हायची. गुरुजी आठवड्यातून दोनदा बाजाराला येतात, येऊन-जाऊन अठरा किलोमीटर. तेवढ्या धावेत ही बॅटरी पूर्ण भरणे शक्यच नव्हते.

आता गळती कोठे आहे ते शोधायचे होते. मल्टिमीटर तसाच ठेवून मी डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधील फ्यूज एकेक करून काढत गेलो. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्याच्या रांगेत दोष असतो. आतल्या दिव्याचा फ्यूज काढला तेव्हा 0.58 चे 0.57 झाले, आणि शेवटचा फ्यूज निघाला तरी आकडा 0.57 च राहिला. मग मला आल्टरनेटरच्या डायोडचा संशय आला, कारण डायोड गळका झाला तर इंजिन बंद असतानाही बॅटरीतून उलटा करंट वाहतो. आल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहिली. आकडा हलला नाही. तास गेला होता, बाहेर पावसाची झोड चालू होती आणि मला पुढे सुचत नव्हते.

म्हणून गळतीचा शोध तसाच ठेवून हँडब्रेक उघडायला घेतला. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लावले, मागची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, ठेवली आणि मागच्या चाकांचे दोन्ही ब्रेक ड्रम उतरवले. उजव्या बाजूची केबल पाहून मी गुरुजींना आत बोलावले. चाकाजवळ, जिथे तार आउटरमधून, म्हणजे तिच्यावरच्या नळीतून, बाहेर येऊन ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूच्या लिव्हरला अडकते, तिथे तिच्या पिळाच्या बहुतेक तारा तुटून कुंच्यासारख्या फुलल्या होत्या आणि मध्ये जेमतेम चार तारा शिल्लक होत्या. बोट लावले तर तांबूस भुकटी झडत होती. डाव्या केबलचे दुखणे वेगळे होते. तिच्या आउटरचे प्लास्टिक पट्टीपाशी फाटले होते, त्यातून पाणी शिरून आतली तार गंजली होती आणि आउटरमध्ये घट्ट बसली होती. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एकदा फाटलेल्या आउटरमध्ये एवढे पाणी गेले की तार किती टिकणार. दांडा ओढला की डावी तार जागची हलत नव्हती, आणि सगळा ताण उजवीवर येत होता.

याच्यावर वर्षभरात दोनदा नट आवळला गेला होता. दांड्याखालचा तो नट आट्याच्या शेवटापर्यंत पोहोचला होता, पुढे आवळायला जागाच उरली नव्हती. माझे याबाबतीत ठाम मत आहे. हँडब्रेक ढिला झाला की आधी ड्रम उतरवून ब्रेक शू आणि केबल पाहिलीच पाहिजे, कारण वरून नट आवळल्याने दांडा घट्ट लागतो आणि मालकाला काम झाल्यासारखे वाटते, पण आतली तुटकी तार मात्र अधिकच ताणली जाते. हे काम ज्याने केले त्याने मागचे चाक एकदाही उघडले नव्हते, हे ड्रमवर साचलेल्या गंजाच्या अखंड थरावरूनच कळत होते.

केबलची वरची टोके सोडवायची म्हणून माझ्या हाताखालचा मुलगा दांड्याचे कव्हर काढत होता. त्याने डावीकडचे सीट पुढे सरकवले आणि खालचे मॅटिंग उचलताना थांबला. "दादा, सगळं मॅटिंग ओलं आहे, मग इथलंच कोरडं कसं?" मी वाकून हात लावला. पावसाळ्यात सगळ्या गाडीचे मॅटिंग दमट झाले होते, त्याला कुबट वास येत होता, आणि सीटखालचा वीतभर चौकोन मात्र कोरडा खडखडीत आणि कोमट होता. त्याखाली एक ॲम्प्लिफायर बसवलेला होता. गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात, आणि तो डबा हाताला गरम लागत होता.

गुरुजींना त्या डब्याची आठवणही नव्हती. मागच्या वर्षी गणपतीत मुलाने आरत्या आणि भजने मोठ्याने ऐकू यावीत म्हणून एका दुकानातून तो बसवून घेतला होता. त्याची लाल वायर मॅटिंगखालून, इंजिनच्या भिंतीतील भोकातून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर गेली होती. ती फ्यूज बॉक्समधून जातच नव्हती, म्हणून सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नव्हता. टर्मिनलवर ती जादा वायर सकाळी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती हॉर्नची असेल असे समजून सोडून दिली, ही चूक माझी. ॲम्प्लिफायरला 'चालू हो' असे सांगणारी जी बारीक निळी वायर टेपकडून यायला हवी, तीही बसवणाऱ्याने लाल वायरलाच पिळून जोडली होती. परिणामी तो डबा दिवसरात्र जागा होता. त्याहून गंभीर गोष्ट ही की त्या लाल वायरवर फ्यूज कुठेच नव्हता आणि पत्र्याच्या भोकापाशी तिचे आवरण घासून तांबे दिसू लागले होते. ते तांबे पत्र्याला टेकले असते तर गाडी पेटायला वेळ लागला नसता. उतारावरून घसरण्यापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

लाल वायर काढताच मल्टिमीटर 0.01 वर आला. गुरुजींनी चष्मा पुसून तो आकडा दोनदा वाचला.

नव्या केबली रत्नागिरीहून संध्याकाळच्या एसटीने आल्या, म्हणून गाडी रात्री गॅरेजमध्येच राहिली आणि बॅटरी सकाळपर्यंत चार्जिंगवर. दुसऱ्या दिवशी जुन्या केबली शेजारी ठेवून लांबी आणि पट्ट्यांच्या जागा ताडून पाहिल्या आणि नव्या त्याच मार्गाने ओढल्या, सायलेन्सरच्या नळीपासून बोटभर दूर. शूवरचे लायनर, म्हणजे घासणारे अस्तर, संपले नव्हते, ते घासून साफ केले. ड्रम बसवून आधी शूची झीज भरून काढली आणि त्यानंतरच दांड्याखालचा नट हाताला आला तेवढा फिरवला. नवी तार सुरुवातीला ताणून थोडी सैल होते, म्हणून दांडा वीस-पंचवीस वेळा जोराने ओढून सोडला आणि नट पुन्हा पाहिला. तिसऱ्या खटक्याला दोन्ही चाके सारखीच जड झाली, सहाव्याला हाताने हलेनात, आणि दांडा सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरली. ॲम्प्लिफायर मी फेकला नाही. गणपतीत तो लागणार होता. नवी वायर रबरी बूच घातलेल्या भोकातून नेली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला आणि निळी वायर टेपला जोडली. गॅरेजमागच्या चढणीवर गाडी तोंड खाली करून, न्यूट्रलमध्ये, नुसत्या हँडब्रेकवर उभी केली आणि पुढे गुटका हातभर लांब ठेवून वीस मिनिटे तिथेच बसलो. ती जागची हलली नाही.

बॅटरीबद्दल मी गुरुजींना खरे ते सांगितले. एवढ्या वेळा पूर्ण उतरलेली बॅटरी नव्यासारखी होत नाही. लोड देऊन पाहिल्यावर ती तगली, पण तिचे आयुष्य कमी झाले आहे. नवी घेण्याची घाई मात्र नको. गाडी आता खळ्यात, सपाटीवर, पहिल्या गिअरमध्ये लावायची आणि चालू करताना क्लच दाबूनच किल्ली फिरवायची, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. शिवाय मुद्दाम चार दिवस गाडीला हात लावू नका, असे सांगितले.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी काही न बोलता फोन बोनेटजवळ धरला असावा, कारण आधी सेल्फचा आणि लगेच इंजिनचा आवाज ऐकू आला. नंतर म्हणाले, "पहिल्या किल्लीला." पडलेला गडगा त्यांनी आदल्या दिवशी रचून घेतला होता, आणि चिरे कमी पडले तेव्हा चाकाखाली लावायचा तो चिराही त्यातच बसवून टाकला होता.